ती नाव, ते नाव

मराठीत पाण्यावर चालते तीही नाव आणि बारशाला ठेवतात तेही नाव. पहिला शब्द संस्कृत 'नौ'वरून आला, दुसरा 'नामन्'वरून. 'नौ' स्त्रीलिंगी, म्हणून आपण आजही 'ती नाव' म्हणतो. 'नामन्' नपुंसकलिंगी, म्हणून 'ते नाव'. पूर्वी लिहिताना गफलत होत नसे, कारण दुसऱ्यावर अनुस्वार असे: 'नांव'. झिजून गेलेल्या 'म'ची ती खूण. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द कागदावर एकरूप झाले. कोकणीने मात्र आपलं 'नांव' उच्चारातही राखलं आहे.

या दोन शब्दांची खरी गाठ पडते ती नौदलात. नातवाला आजोबांचं नाव ठेवावं, तसं गेलेल्या जहाजाचं नाव तिथे नव्या जहाजाला देतात. 'विक्रांत' घ्या. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं; मागे 'वि' लागला की ते पाऊल पार पलीकडे पडतं. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा वामन म्हणूनच त्रिविक्रम. मराठीत 'विक्रम' म्हटलं की आता आधी धावा आणि बळी आठवतात. पराक्रम हा जुना अर्थ विक्रांत या युद्धनौकेने जिवंत ठेवला. पहिली विक्रांत १९६१ ते १९९७ नौदलात होती, पुढे मुंबईच्या दारूखान्यात ती तोडली गेली. दुसरी २०२२ साली कोचीत दाखल झाली. दोघींचा क्रमांक एकच, आर ११. आणि 'क्रमांक' या शब्दातही तोच 'क्रम्' आहे!

'खुकरी' म्हणजे गोरख्यांचं बाकदार शस्त्र. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पहिली खुकरी दीवजवळ बुडाली. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. १९८९ साली माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या जहाजाला तेच नाव दिलं गेलं. एरवी बुडालेल्या नावेचं नाव कोण पुन्हा घेईल? नौदलाने ते घेतलं, याचं मला फार मोल वाटतं.

पण आपल्या सगळ्यात जवळचं नाव 'खांदेरी'. थळसमोरच्या या बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा तळ नको म्हणून इंग्रज आणि सिद्दी दोघेही चालून आले, तरी किल्ला उभा राहिला. या नावाची पहिली पाणबुडी सोव्हिएत संघात बांधलेली; ती १९६८ साली नौदलात दाखल झाली. दुसरी माझगाव गोदीत तयार झाली आणि २०१९ साली मुंबईतच नौदलात दाखल झाली, त्या बेटाच्या शेजारच्या बंदरात.

रोमन लिपीत द आणि ड एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे इंग्रजीतून नाव उचलणारे 'खंडेरी' लिहून मोकळे होतात. मराठी माणसाने तरी तसं करू नये. बेटाचंही आणि पाणबुडीचंही नाव 'खांदेरी' असंच लिहा.