नाशिकची वाइन-सहल : घडण आणि आखणी

नाशिकची वाइन-सहल ही अलीकडची गोष्ट असली, तरी तिच्यामागची द्राक्षशेती बरीच जुनी आहे. ओझर, पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात विसाव्या शतकात खाण्याच्या द्राक्षांनी जम बसवला. थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका या जाती शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडल्या. मांडव, ठिबक, छाटणी आणि फवारणी यांचे ज्ञान गावोगावी मुरले होते. वाइन उद्योगाला हे तयार मनुष्यबळ आयते मिळाले.

आधुनिक वाइननिर्मितीचा पहिला मोठा प्रयत्न मात्र पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला झाला. तिथे श्याम चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन काढून ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली. नाशिकला वळण मिळाले ते पुढच्या दशकात. अमेरिकेतून परतलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत १९९७च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जाती लावल्या. कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांचे मार्गदर्शन त्यांना होते. त्यांच्या ‘सुला’ वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली.

२००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि विंचूर व सांगलीतील पलूस इथे वाइन पार्क ठरले. पाठोपाठ वाइनरींची संख्या भराभर वाढली. वाइनरींशी करार करून अनेक बागायतदारांनी वाइनची द्राक्षे लावली. दशकाच्या अखेरीस मंदी आली, माल पडून राहिला आणि कित्येकांनी वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे धरली.

या चढउतारात पाहुण्यांचे महत्त्व वाढले. सुलाने २००५ मध्ये चव घेण्याचे दालन उघडले. पुढे इतरांनीही तीच वाट धरली. मुंबई सुमारे १७० किलोमीटरवर असल्याने शनिवार-रविवारचा ग्राहक हाताशी होता. ज्यांनी वाइन कधी चाखली नव्हती, त्यांना ती बागेतच समजावून सांगता येऊ लागली.

सहलीचा हंगाम छाटणीवरून ठरतो. महाराष्ट्रात वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते : उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळे युरोपात शरदात होणारी वाइनद्राक्षांची काढणी इथे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. याच दिवसांत वेलीवरचे घड आणि वाइनरीतली धांदल दोन्ही पाहायला मिळतात. पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात, पण घड नसतात. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. तो चाखला की खाण्याच्या द्राक्षाशी असलेला फरक जिभेवरच कळतो.

ठिकाणे एका दिशेला नसल्याने एका दिवसात एकच बाजू धरणे सोयीचे. सुला, यॉर्क आणि सोमा या वाइनरी गंगापूर धरणाच्या परिसरात आहेत. शँडाँ दिंडोरीकडे आहे. ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने इगतपुरीच्या बाजूला असल्याने मुंबईहून येता-जाता त्या साधतात. दिवसाला दोन, फार तर तीन वाइनरी पुरे. भेटीची वेळ आधी ठरवावी. २६ जानेवारीला मद्यविक्री बंद असते आणि तो दिवस ऐन काढणीत येतो, हे तारखा ठरवतानाच ध्यानात घ्यावे.

वाइनरीच्या फेरीत स्टीलच्या टाक्या आणि ओकची पिंपे दाखवतात. पांढऱ्या वाइनचा रस साली काढून थंड तापमानात आंबवला जातो, तर लाल वाइन सालीसकट आंबते आणि रंग व तुरटपणा तिथूनच येतो. म्हणून चाखण्याचा क्रम फेसाळ, पांढरी, गुलाबी, लाल आणि शेवटी गोड असा ठेवतात. पेल्यातल्या वाइनचा रंग पाहायचा, पेला हलकेच फिरवून वास घ्यायचा आणि मग घोट जिभेवर फिरवायचा. घोट थुंकायला भांडे ठेवलेले असते आणि ते वापरण्यात काहीच गैर मानत नाहीत. पोटात काही खाऊनच सुरुवात करावी, मध्ये पाणी प्यावे आणि गाडी चालवणाऱ्याने चाखणे टाळावे किंवा गाडीला चालकच ठेवावा.