गुण कुणाच्या नावावर?

दिवाळी सरली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की नागभीडच्या आसपासच्या गावांत मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा दंडार, रात्रभर झाडीपट्टीचे नाटक, आणि त्याच हंगामात एखाद्या सपाट केलेल्या बांधीत फक्कीच्या रेषा आखून कबड्डीचे सामने. सगळ्यांचे डोळे चढाईपटूवर खिळलेले असताना कडेच्या टेबलाशी एक माणूस मान खाली घालून बसलेला असतो. तो गुणलेखक. कोण बाद झाला, कोण परत आत आला, कोणत्या बाजूला किती गुण, एवढे तो लिहितो. युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉलपटूला आज सामना संपताच दहापैकी ७.४ किंवा ६.१ असा आकडा चिकटतो आणि त्यावर त्याचे मोल ठरते. त्या आकड्याचे आणि या गुणपत्रकाचे कूळ एकच आहे. खेळाडूची कामगिरी मोजण्याची ही वाट कुठून निघाली, हे पाहायला आपण आपल्या मातीतल्या हुतुतूपासूनच निघू.

महाराष्ट्रात कबड्डीला हुतुतू म्हणत. तो खेळ तीन रीतींनी खेळला जाई. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसे तो सगळा संघ बाद होईपर्यंत. तिथे आकडेमोडीची गरजच नव्हती. शेवटपर्यंत उरला तो मोठा. अमरमध्ये नेमके उलटे. शिवला गेलेला गडी मैदानातच राही आणि शिवणाऱ्या बाजूला गुण मिळे, म्हणजे त्या खेळाचा सारा आधार मोजणीवरच. तिसरी रीत संजीवनी. समोरचा एक गडी बाद केला की आपला बाद झालेला एक गडी जिवंत होऊन आत येई. या तीन नावांपाशी आपण क्षणभर थांबू. गामिनी फक्त कोण उरले ते पाहते, अमर गुण मोजते, आणि संजीवनी त्या गुणाने खेळाची स्थिती किती पालटली हे दाखवते. फुटबॉलच्या शास्त्राला या तिसऱ्या पायरीवर यायला एकविसावे शतक उजाडावे लागले, असे माझे स्पष्ट मत आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सातारा, पुणे, बडोदे येथील मंडळींनी या खेळाला लेखी नियमांत बसवले. बडोद्याला १९२३ मध्ये नियम ठरवून स्पर्धा झाली, पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते नियम आणखी घासूनपुसून घेतले. टिकली ती संजीवनी. आजची कबड्डी तिच्यावरच उभी आहे. सगळा संघ बाद केल्यावर जादा दोन गुणांचा ‘लोण’ मिळतो. विदर्भाचा वाटाही इथे नोंदवायला हवा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डी होती. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, बुवा साळवींसारख्या संघटकांनी या खेळासाठी आयुष्य वेचले, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ ठरली. या साऱ्या काळात गुण संघाचे होते. चढाईपटूचे नाव गावोगावी जाई ते प्रेक्षकांच्या तोंडून.

तिकडे इंग्लंडात १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांचा सामना चालू होता. हवाई दलातले लेखा अधिकारी चार्ल्स रीप प्रेक्षकांत बसले होते. पूर्वार्धातल्या निष्फळ चढायांनी वैतागून उत्तरार्धात त्यांनी वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक हालचाल खुणांनी टिपायला सुरुवात केली. पुढे त्यांनी शेकडो सामने असे टिपले. १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात, हे त्यांचे निरीक्षण खरे होते. त्यावरून चेंडू लांब फेकत खेळावे हा त्यांचा निष्कर्ष मात्र फसवा ठरला, कारण फुटबॉलमधले बहुतेक डाव मुळात तेवढेच छोटे असतात. काय झाले हे रीप यांनी अफाट कष्टाने मोजले. किती संधींपैकी झाले, याचा हिशेब मात्र निसटला.

नुसत्या मोजणीपलीकडचा हिशेब आधी दुसऱ्या खेळांतून आला. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन वंशाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांची पद्धत १९६० मध्ये तिथल्या बुद्धिबळ महासंघाने स्वीकारली आणि १९७० मध्ये जागतिक संघटनेने. कोणाला हरवले यावर विजयाची किंमत ठरते, हा तिचा गाभा. क्रिकेटमध्ये १९८७ साली टेड डेक्स्टर यांच्या पुढाकाराने खेळाडूंची गुणांकन पद्धत आली. तिच्यात प्रतिस्पर्ध्याचा दर्जा धरला जातो आणि ताज्या डावांना अधिक वजन मिळते. याच पद्धतीने मागचे डाव मोजले गेले तेव्हा १९७९ मध्ये ओव्हलवर २२१ धावा काढणाऱ्या सुनील गावसकरांचा आकडा १००० पैकी ९१६ भरला. तो सामना अनिर्णित राहिला होता, तरीही. १९९६ मध्ये लंडनला ऑप्टा ही संस्था निघाली आणि फुटबॉलमधला प्रत्येक पास, प्रत्येक टॅकल खेळाडूच्या नावावर नोंदला जाऊ लागला. २०१२ च्या सुमारास ‘अपेक्षित गोल’ ही कल्पना रुजली: अमुक जागेवरून, अमुक तऱ्हेने मारलेला फटका गोल होण्याची शक्यता किती? आणि २०१९ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी चेंडूवरच्या प्रत्येक कृतीमुळे गोल करण्याची व खाण्याची शक्यता किती बदलली, यावरून खेळाडूचे मोल मांडले. आपली संजीवनी आठवावी. गुणापेक्षा स्थितीचा पालट महत्त्वाचा, हे तिथे खेळाच्या नियमातच विणलेले होते.

आता आपण परत कबड्डीकडे येऊ. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि गुण संघाकडून माणसाकडे सरकला. सामन्यात चढाईचे दहा गुण म्हणजे ‘सुपर टेन’, पकडीचे पाच म्हणजे ‘हाय फाइव्ह’. २०१७ च्या हंगामात प्रदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण मिळवले. हरियाणाविरुद्धच्या एकाच सामन्यात ३४. पुढच्याच, २०१८ च्या हंगामात नीतेश कुमारने पकडीचे १०० गुण गाठले, तो हंगामात शंभरी गाठणारा पहिलाच बचावपटू. ३६९ आणि १०० शेजारी ठेवून पहिला दुसऱ्याच्या साडेतीनपटीहून मोठा म्हणणे म्हणजे रीप यांचीच चूक पुन्हा करणे. चढाईपटूच्या एका चढाईत तीन-चार गडी बाद होऊ शकतात, बोनस मिळू शकतो. पकडीला एरवी एकच गुण. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड झाली तर ‘सुपर टॅकल’चे दोन गुण मिळतात. स्थितीला किंमत देणारा हा नियम मला फार मोलाचा वाटतो. पण डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूने घोटा धरला, हात धरून केलेल्या साखळीतल्या जोडीदाराने अंग टाकून मध्यरेषेची वाट बुजवली, तर पकडीचा गुण एकाच्याच नावावर जातो. दुसऱ्याच्या नावापुढे शून्य. आणि ज्या स्पर्शाने बाहेर बसलेला आपला सर्वांत भरवशाचा चढाईपटू जिवंत होऊन आत आला, त्याचीही किंमत इतर कोणत्याही स्पर्शाएवढीच धरली जाते.

ही उणीव भरून काढायला महागडे कॅमेरे लागत नाहीत. नागभीड, तळोधी, सिंदेवाहीकडच्या मंडळांना आणि त्यांच्या गुणलेखकांना माझी एवढीच विनंती आहे: यंदाच्या मंडईत गुणपत्रकावर दोन रकाने वाढवा. पकडणाऱ्याच्या क्रमांकाशेजारी साखळीतल्या जोडीदाराचा क्रमांक लिहा, आणि गुण मिळाला त्या क्षणी दोन्ही बाजूंचे किती गडी आत होते तेही लिहा.