माप, माया आणि दुकानाची फळी



मावळात इतिहासावर बोलायचं म्हटलं की लोकांच्या अपेक्षा ठरलेल्या असतात. कार्ल्याची लेणी, लोहगड-विसापूर, फार तर १७७९ चा वडगावचा तह. यातलं मी आज काहीही बोलणार नाही. विषय सांगितला तेव्हा संयोजक क्षणभर गप्प झाले होते, आणि मग सभ्यपणे ‘वेगळा आहे’ म्हणाले. विषय असा आहे: पुरुषांचे भारी तयार कपडे विकणारा दुकानदार कोणकोणत्या मापांचे कपडे फळीवर ठेवायचे हे कसं ठरवतो, आणि ही पद्धत आपल्याकडे आली कुठून?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं यात का पडावं? गौतमाच्या न्यायसूत्रांत एक चर्चा आहे. ‘गाय’ म्हटल्यावर नेमकं काय कळतं? ही समोरची एक गाय, गायीचा आकार, की गायपण? उत्तर असं दिलंय की व्यक्ती, आकृती आणि जाती हे तिन्ही मिळून शब्दाचा अर्थ होतो. जाती म्हणजे इथे वर्ग, आपली ती जात नव्हे. आम्ही यावर परीक्षेत वीस मार्कांचा प्रश्न काढायचो. दुकानदार हाच प्रश्न रोज सकाळी शटर वर करताना स्वतःचे पैसे लावून सोडवतो. शिंप्याचं काम व्यक्तीशी, दुकानाचं काम जातीशी. सगळा इतिहास या दोघांच्या मधला आहे.

आधी हिशेब मांडू. लोणावळ्यात किंवा तळेगावात एक बुटिक आहे असं समजा. शेरवानी, जोधपुरी, इंडो-वेस्टर्न असा लग्नाचा माल. मापं छातीच्या इंचांवर आणि सम आकड्यांत: ३६, ३८, ४०, ४२, ४४, ४६. म्हणजे सहा. दहा डिझाइनं घेतली आणि प्रत्येकाचा प्रत्येक मापात एकच नग ठेवला तरी साठ नग झाले. एक नग पाच हजारांना पडला तर तीन लाख रुपये हँगरवर लटकले. आता छत्तीस आणि शेहेचाळीस ही दोन टोकं उठलीच नाहीत, तर वीस नग, एक लाख रुपये अडकले. पुढच्या मोसमात ते डिझाइन जुनं होतं. व्यापारात अशा उरल्यासुरल्या मापांच्या मालाला ‘कट साइज’ म्हणतात आणि तो मिळेल त्या भावाला जातो. सेलमध्ये आपल्याला आवडलेला कोट नेमका आपल्या मापात का नसतो, याचं कारण इथे आहे. सेल म्हणजे दुकानदाराच्या चुकलेल्या अंदाजांचा ढीग.

बरं, नुसती मधली मापं उचलावीत म्हटलं तर घाऊक व्यापारी ऐकत नाही. तो सेट देतो, आणि सेट तोडत नाही. रोजच्या शर्टांत लहानाचा एक, मध्यमाचे दोन, मोठ्याचे दोन, त्याहून मोठ्याचा एक असं काहीतरी प्रमाण असतं. हे प्रमाण कुठून आलं हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगावर काय होतं? धोतर, उपरणं, मुंडासं, खांद्यावर घोंगडी. यातल्या एकालाही माप नाही. लांबी-रुंदी असते, पण ती कापडाची, माणसाची नव्हे. तेच धोतर किडकिडीत माणूस नेसेल आणि पोट सुटलेला सावकारही नेसेल. निऱ्या कमी-जास्त होतील एवढंच. शिवलेले कपडे होते तेसुद्धा बांधायचे. बंडीला बंद, बाराबंदीला तर नावातच बारा. पायजम्याला नाडी. नाडी ही फार मोठी गोष्ट आहे बरं का! माणूस आषाढात बारीक झाला, दिवाळीनंतर जाड झाला, नाडी काही बोलत नाही. पॅन्ट आली, तिला कमरेचं बटण आलं, आणि माणसाच्या कमरेला आकडा चिकटला.

मग शिंपी. त्याच्या जुन्या हिशेबात चोवीस तसूंचा गज होता; पुढे वार आणि इंच आले. १९५६ साली देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला, कापड मीटरवर गेलं, पण अंगाचं माप इंचातच राहिलं, ते आजतागायत. शिंप्याची खरी विद्या टेपमध्ये नव्हतीच. ती होती शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड तो दुमडून ठेवायचा त्यात. त्याला आपल्याकडे काय म्हणतात? माया. वेदान्ती ज्या मायेच्या नावानं बोटं मोडतात तीच शिंप्याला जपावी लागते. शाळेतल्या पोराचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवायचे, पॅन्टच्या खाली चार बोटं दुमडलेली असायची, दर जूनमध्ये एक पट्टी उसवायची. जुनी घडी फिक्या रेघेनं दिसायची, आणि वर्गात सगळ्यांच्याच पॅन्टवर ती असायची. एका कपड्यात तीन-चार मापं दडलेली असायची, ती मायेमुळे.

आणि आहेर! मावळातल्या लग्नात आजही शर्टपीस-पॅन्टपीस, टॉवेल-टोपी देतात. ती गंमत नाही, त्यात शहाणपण आहे. कापडाचा तुकडा व्याह्यालाही चालतो, पुतण्यालाही चालतो, आणि चार महिन्यांनी दुसऱ्याच लग्नात तिसऱ्यालाही चालतो. तयार शर्ट असा फिरवता येत नाही. त्याच्या कॉलरला माणूस लिहिलेला असतो.

हा लिहिलेला माणूस आला कुठून? सैन्यातून. इंग्रजांच्या आरमारात सतराव्या शतकापासून खलाशांसाठी तयार कपडे जहाजावर ठेवत, त्यांना ‘स्लॉप्स’ म्हणत. खलाशी ते घेई आणि पैसे पगारातून कापले जात. समुद्रात शिंपी कुठून आणणार? तेव्हा आधीच अंदाजानं शिवून ठेवायचं. तुमच्या लोणावळ्याचा नौदलाशी संबंध आहेच. आयएनएस शिवाजी १९४५ पासून इथे आहे. डोंगरावरचं नौदल म्हणून आपण हसतो, पण तिथल्या नव्या मुलाच्या हातात गणवेश पडतो तेव्हा त्यामागे आधीच अंदाजानं शिवून ठेवण्याची तीच परंपरा असते.

दुसरा धागा बेल्जियमचा. अडॉल्फ केतले नावाचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. ग्रहांच्या निरीक्षणातल्या चुका मधल्या खऱ्या आकड्याभोवती कशा गोळा होतात हे त्यांना ठाऊक होतं. १८४६ च्या त्यांच्या पुस्तकात ५७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं आहेत. सगळ्यात गर्दी चाळीस इंचांच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंना माणसं विरळ होत जातात. घंटेसारखा आकार. केतल्यांनी त्यातून ‘सरासरी माणूस’ काढला. आणि इथे माझी त्यांच्याशी तक्रार आहे. ग्रहाच्या बाबतीत मधला आकडा खरा आणि बाकीच्या चुका, हे बरोबर. माणसाच्या बाबतीत मात्र छत्तीस छातीचा सैनिक ही चाळीस इंची सैनिकाची चूक नाही हो! तो छत्तीस इंची माणूस आहे, पूर्ण. पण व्यापाराला ही कल्पना फार सोयीची पडली. एक-दोन-दोन-एक हा सेट म्हणजे केतल्यांची घंटाच, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलेली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात लाखो गणवेश लागले, आणि छाती अमुक तर कंबर साधारण तमुक असे ठोकताळे पक्के झाले.

त्यात एक शब्द आहे, ‘ड्रॉप’. छाती आणि कंबर यांतला फरक. पाश्चात्त्य सूटमध्ये तो साधारण सहा इंच धरतात: चाळीस छाती, चौतीस कंबर. आता आपल्या माणसाकडे या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापलं. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर स्त्रिया आणि बाळांचा जो अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं: बाळ वजनाला कमी, पण स्नायू कमी असून चरबी मात्र टिकलेली. हातपाय काटकुळे, मध्यभाग गोल. हा विषय मधुमेहाचा आहे, मला कल्पना आहे. पण दुकानदाराच्या दृष्टीनं त्याचा अर्थ काय? परदेशी तक्त्यावर कापलेला चाळीसचा कोट आपल्या माणसाला खांद्यात सैल आणि बटणाशी घट्ट होणार. पोटासाठी बेचाळीस घ्यावा, तर बाही बोटांपर्यंत येते.

मावळात याच्या उलटही आहे. तालमीत घुमलेला पैलवान घ्या. छाती शेहेचाळीस, कंबर चौतीस. ड्रॉप बारा! त्याच्यासाठी कोणतीच कंपनी कापत नाही. म्हणून पैलवान आणि पुढारी अजून शिंप्याकडेच जातात, आणि पांढरे कडक कपडे शिवणारे कारागीर तगून आहेत.

आपल्या देशाचा स्वतःचा तक्ता नव्हता. २०१८ साली वस्त्रोद्योग मंत्रालयानं ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प मंजूर केला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं सहा शहरांत मिळून २५ हजार लोकांची मापं यंत्रानं घ्यायची, असं ठरलं. त्या सहांत मुंबई आहे. चांगली गोष्ट आहे. पण मला तिथेही घंटेची भीती वाटते. मुंबईचा मध्य हा मावळातल्या भातशेती करणाऱ्याचा मध्य असेलच असं नाही.

आता पुन्हा फळीकडे. मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९९१ मध्ये अंधेरीत शॉपर्स स्टॉप उघडलं, आणि सुरुवात पुरुषांच्या कपड्यांनीच झाली. मग परदेशी नावं आली, मॉल आले. शिवणीवर ओव्हरलॉक आलं, म्हणजे कडेचं कापड कापून टाकून तिथेच दोरा गुंडाळायचा. माया गेली. कापड वाचलं, पण कपड्याच्या आत जी तीन-चार मापं होती ती बाहेर काढून फळीवर वेगवेगळी मांडावी लागली. हा माझा आजचा मुख्य मुद्दा आहे. मापं वाढली ती माणसं वाढली म्हणून नव्हे, तर माया संपली म्हणून. शिंपी माणूस बघून ठरवायचा. दुकानदाराला माणूस यायच्या आधी ठरवावं लागतं.

आणि तो कशावरून ठरवतो? गेल्या वर्षीच्या विक्रीवरून. काय खपलं? ३८, ४०, ४२. मग यंदा तेच जास्त मागवा. वरवर पाहता बिनचूक. पण बघा, चौतीस छातीचा बावीस वर्षांचा पोरगा मोठ्या भावाच्या लग्नासाठी दुकानात येतो. विक्रेता त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो आणि म्हणतो, मुलांच्या विभागात बघा. बरोबर बहिणी आहेत, होणारी वहिनी आहे. पोरगा ‘नंतर येतो’ म्हणून बाहेर पडतो. त्याला वाटतं कमी आपल्यात आहे. तसाच अठ्ठेचाळीसचा नवरदेव. त्याला ‘ऑर्डरनं पंधरा दिवस लागतील’ ऐकावं लागतं आणि हळद आठ दिवसांवर असते. हे दोघं आले होते याची नोंद कुठे आहे? कुठेच नाही. बिलाच्या यंत्रात झालेली विक्री येते, न झालेली येत नाही. मग पुढच्या वर्षीचा आकडा सांगतो की या मापांना मागणीच नाही.

भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. घट इथे नाही, हे ज्ञान प्रत्यक्षानं होत नाही, अनुमानानंही होत नाही. ते न दिसण्यातूनच होतं. विद्यार्थी विचारायचे, सर, याचा उपयोग काय? उपयोग हा. जुन्या दुकानात गल्ल्याशेजारी एक वही असे, तिच्यात मागितलेला पण नसलेला माल लिहायचे. ‘४६ निळा, नाही’ एवढंच. ती वही म्हणजे अनुपलब्धीचं प्रमाण. संगणक आला आणि ती वही गेली.

लोणावळ्याच्या दुकानदाराला आणखी एक पेच आहे, जो लक्ष्मी रोडवाल्याला नाही. त्याला दोन पंचांगं सांभाळावी लागतात. चातुर्मासात लग्नं नाहीत, पण तेव्हाच भुशी धरणावर गर्दी. मुंबई-पुण्याची पोरं नखशिखान्त भिजून येतात आणि कोरडा टी-शर्ट, अर्धी पॅन्ट मागतात. तिथे माप कोण विचारतो? मोठी मापं ठेवा, नाहीतर ‘फ्री साइज’. म्हणजे कुणाचंच नसलेलं माप. कमरेला पुन्हा इलॅस्टिक, म्हणजे आपली नाडीच, नव्या जन्मात. तुळशीचं लग्न झालं की चित्र पालटतं. आता गिऱ्हाईक कामशेतचं, वडगावचं, पवन मावळातलं, सगळं घर बरोबर घेऊन येणारं, आणि त्याला सुरकुतीसुद्धा नको. पावसाच्या कमाईतून हिवाळ्याची शेरवानी भरायची, आणि दोन गिऱ्हाइकांची अंगं वेगळी.

यातून जाणत्या दुकानदारांनी जो मार्ग काढला आहे तो मला आवडतो. ते सगळी मापं सगळ्या डिझाइनांत ठेवत नाहीत. टोकाची मापं दोन-तीनच डिझाइनांत, पण ठेवतात नक्की. आणि घाऊकवाल्याकडून माल घेताना शेरवानी उलटी करून बाजूच्या शिवणी चाचपून बघतात. दोन्हीकडे इंच-इंच कापड आत असेल तर बेचाळीसचा नग चव्वेचाळिसाला जातो, जरा ओढून पंचेचाळिसालाही. एका नगात दोन मापं. त्यासाठी मागच्या खोलीत एक म्हातारे मास्तर मशीन घेऊन बसलेले असतात. नवरदेव आरशासमोर उभा राहतो, मास्तर तोंडात टाचण्या धरून मागून बगलेखालची शिवण दाबून पाहतात, आणि मालकाला सांगतात: बसेल, माया आहे.