जमालपूरची ‘जंगी पलटण’ आणि २१ फेब्रुवारी

बांगलादेशच्या लढ्याची पहिली ठिणगी भाषेवरून पडली. उर्दू लादण्याला विरोध करणारे विद्यार्थी २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात पोलिसांच्या गोळीबारात गेले. १९७१ च्या मुक्तियुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, ‘जंगी पलटण’, जमालपूरला लढली. ‘शरण या’ या चिठ्ठीला पाकिस्तानी कमांडरने उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं, १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे; बुऱ्हाणपूरसारखीच तिथेही महाराष्ट्राबाहेर मराठी नांदते. युनेस्कोने १९९९ मध्ये २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन जाहीर केला. सहाच दिवसांनी, २७ ला, मराठी भाषा गौरव दिन असतो. सीमेपलीकडे घरात मराठी टिकवणाऱ्यांसाठी दोन्ही तारखा आपल्याच.