पोहणाऱ्याची विद्या आणि तिचा खर्च

ग्वारीघाटावर नर्मदामाई पोहणे शिकविते, आणि त्याबद्दल कोणाकडून शुल्क घेत नाही. नोकरीच्या निमित्ताने जबलपुरात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील किती तरी मुलांनी याच घाटावर एखाद्या काकांच्या किंवा थोरल्या भावाच्या आधाराने पहिले हात मारले. रेल्वे, डाक-तार, संरक्षण खात्याचे कारखाने आणि शाळा-महाविद्यालये ही या घरांची उपजीविकेची क्षेत्रे होती. त्यांच्या दृष्टीने पोहणे हा उत्तम व्यायाम होता आणि पर्वणीच्या स्नानातील सावधगिरीही होती. परंतु पोहण्याच्या बळावर मुलाचे शिक्षण व्हावे, हा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही. परीक्षा जवळ आली की घाट बंद, हा घरोघरीचा नियम असे. त्याला अरसिकपणा म्हणणे अन्यायाचे होईल. पोहण्याने फी भरली जात नव्हती, हा साधा हिशेब त्यामागे होता.

हाच हिशेब अमेरिकेत कसा निराळा झाला, हे पाहण्यासारखे आहे. तेथील महाविद्यालयांमधील पहिली क्रीडास्पर्धा म्हणजे हार्वर्ड आणि येल यांच्यातील १८५२ सालची नौकाशर्यत. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला, कारण तिला आपल्या मार्गावर प्रवासी हवे होते. विद्या, खेळ आणि पैसा यांची गाठ तेथे अशी आरंभीच पडली. पुढे १९०६ साली महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि १९५६ पासून खेळाडूला त्याची आर्थिक गरज न पाहता पूर्ण शिष्यवृत्ती देण्यास तिने मान्यता दिली. चांगल्या पोहणाऱ्याला विद्यापीठाने स्वतः शोधून बोलवावे, ही रीत यातूनच रूढ झाली.

तथापि हे दान निर्मळ नव्हते. १९७३ साली शिष्यवृत्तीची मुदत एका वर्षावर आणली गेली. नूतनीकरण प्रशिक्षकाच्या मर्जीवर राहिले. बहुवार्षिक शिष्यवृत्तीची मुभा पुन्हा मिळण्यास २०१२ साल उजाडले. जलतरणाच्या वाट्यालाही थोडेच येई. २०२५ पर्यंत अव्वल श्रेणीतील पुरुषांच्या संघाला एकूण ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि ती रक्कम संघातील अनेकांत वाटली जाई. म्हणजे ‘निवडलेला’ पोहणाराही बहुधा उरलेली फी घरूनच भरी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ नामांकित विद्यापीठांनी तर १९५४ च्या करारान्वये खेळासाठी शिष्यवृत्ती द्यावयाचीच नाही, असे ठरविले. तेथे पोहण्याने प्रवेशाचे दार उघडते. पैशाची मदत मात्र पालकांच्या उत्पन्नाकडे पाहून मिळते.

आपल्याकडे काय घडले? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्याने कुस्तीतील कांस्यपदक आणले. खाशाबा मल्ल होते, पोहणारे नव्हते. परंतु खेळाडू विद्यार्थ्याचा भार आपल्या देशात कोणावर पडतो, हे या प्रसंगाइतके दुसऱ्या कशाने कळत नाही. जेथे संस्थेची व्यवस्था असावी, तेथे एका गुरूचे घर होते.

पोहणाऱ्यांना आधार मिळाला तो विद्यापीठाचा नव्हे, नोकरीचा. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात ते गोळ्यांनी जायबंदी झाले; उपचारादाखल पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री येण्यास २०१८ साल उजाडावे लागले. कोल्हापूरचे वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहले, २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले, आणि राज्य शासनाने त्यांना तहसीलदार केले. केंद्र सरकारनेही ४ ऑगस्ट १९८० च्या आदेशाने गुणवान खेळाडूंच्या भरतीची वाट सुकर केली. मान्य खेळांच्या यादीत जलतरण आहे. या सवलतीने अनेक घरे सावरली, हे सरकारी सेवेतील माणूस म्हणून मी जाणतो. पण तिचे स्वरूप पारितोषिकाचे आहे. ती यशानंतर मिळते. पहाटे सराव आणि दहा वाजता वर्ग, अशी ओढाताण ज्या वयात होते, त्या वयात ती पोहोचत नाही.

अलीकडे थोडा पालट दिसतो. मद्रासच्या आयआयटीने २०२४ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अधिक जागा ठेवल्या, त्यांतील एक मुलींसाठी. प्रवेशपरीक्षेची पात्रता मात्र सोडलेली नाही, आणि ते योग्यच आहे. प्रवेश मिळाला तरी वसतिगृह, आहार, प्रशिक्षक आणि स्पर्धांचा प्रवास यांचा खर्च राहतोच.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव, नाटके आणि व्याख्याने निष्ठेने केली. गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कारही केले. परंतु सत्कार हा निकालानंतरचा असतो. सुवर्णमहोत्सवाच्या शिलकीतून एक लहानसा निधी वेगळा काढावा, आणि पोहणाऱ्या मुला-मुलींची शाळेची फी व स्पर्धेचे भाडे पदकाची वाट न पाहता त्यातून द्यावे, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. खर्डेकरांसारखे घर गहाण टाकण्याचे धैर्य सर्वांना कोठून येणार? पण शंभर घरांनी थोडे थोडे दिले, तर कोणा एकाला ते टाकावे लागणार नाही.