इपचुन

इपचुन : कोरियन पंचांगातला वसंतारंभ. सूर्याच्या वर्षभराच्या वाटचालीचे जे २४ टप्पे कोरियात मानतात, त्यांतला हा पहिला. सूर्य क्रांतिवृत्तावर ३१५ अंशांना पोचला की इपचुन लागतो. त्यामुळे मकरसंक्रांतीसारखीच याचीही तारीख फारशी हलत नाही. ४ फेब्रुवारीच्या आसपासच तो येतो. चांद्र नववर्षाचा सण, सोल्लाल, मात्र मागेपुढे सरकतो. म्हणून अधिक महिन्याच्या चांद्रवर्षात इपचुन दोनदाही पडतो. असे वर्ष लग्नाला शुभ मानतात. २००६ साली तसा योग आला आणि कोरियात लग्नांची झुंबड उडाली.

नाव वसंताचे, हवा मात्र कडाक्याच्या थंडीची. उसनी आणावी लागली तरी इपचुनला थंडी पडणारच, अशा अर्थाची म्हण तिथे आहे.

त्या थंडीतच घरोघरी दारे सजतात. हातकागदाच्या दोन पट्ट्यांवर कुंचल्याने चार-चार चिनी अक्षरे लिहितात : एकीवर वसंतारंभी मोठे मंगल घडो, दुसरीवर सूर्याचे तेज वाढून आनंद वाढो. या पट्ट्या दाराच्या दोन फळ्यांवर तिरक्या, छपराच्या उतारासारख्या चिकटवतात. सुतक असलेल्या घरी त्या लावत नाहीत. जोसोन राजवटीत दरबारी मंडळी शुभेच्छांच्या कविता रचत आणि त्या राजवाड्याच्या खांबांवर झळकत.

होंग सोक-मो यांच्या १८४९च्या ‘तोंगुक सेसिगी’ या सणवारांच्या ग्रंथात राजाकडे जाणाऱ्या नजराण्याची नोंद आहे. डोंगराळ तालुक्यांतून कांद्याची कोवळी पात, रानमोहरी आणि खड्ड्यात जपून वाढवलेले कोंब पाठवले जात. हे कोंब मधात बुडवून खात. हिवाळाभर खारवलेल्या भाज्यांवर राहिलेल्या जिभेला हा तिखट हिरवा घास केवढा वाटत असेल!

शेतकऱ्याचे लक्ष जवाकडे. रोप उपटून मुळे मोजायची : तीन किंवा अधिक असली तर भरघोस पीक, दोन असली तर बेताचे, एकच असले तर दुष्काळ.

जेजू बेटाची तऱ्हा वेगळी. तिथे अठरा हजार देव नांदतात अशी श्रद्धा आहे. इपचुनआधीचा आठवडाभर हे देव कामाचा भार उतरवून स्वर्गात गेलेले असतात, म्हणून लोक घर बदलायचे ते याच दिवसांत. पुढे इपचुनला ‘नांगस्वे’ हा लाकडी बैल ओढत नांगरणीचा विधी करतात. जपानी राजवटीत खंडित झालेला हा उत्सव १९९९ साली पुन्हा सुरू झाला.

आणखी एक रीत होती, गाजावाजा न करता पाळायची. इपचुनच्या आदल्या रात्री कुणाला न कळता एक सत्कृत्य करायचे. कुणी ओढ्यात पाय ठेवायला दगड मांडून येई, तर कुणी भिकाऱ्याच्या झोपडीपुढे पेजेचे भांडे ठेवून अंधारातच परत फिरे.