दापोडीचीं फुलें आणि स्वस्त कॅमेरा

पिंपरी-चिंचवडच्या अथवा चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या एखाद्या तरुणास फुलांचीं छायाचित्रें अगदीं जवळून घेण्याचा छंद जडला, कीं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : थोडक्या पैशांत कोणता कॅमेरा घ्यावा? ह्या प्रश्नाचें उत्तर दुकानदारापेक्षां इतिहास अधिक चांगलें देतो, असें मला वाटतें. आणि तो इतिहास शोधावयास फार दूर जाण्याचें कारण नाहीं. ज्या नगरींत हा तरुण राहतो तिच्याच हद्दींत, दापोडीस, त्याचा आरंभ सांपडतो.

पवना जेथें मुळेस मिळते, त्याच्या जवळच इ. स. १८२८ मध्यें सरकारी वनस्पति-उद्यान निघालें. १८३८ पासून त्याची देखरेख अलेक्झांडर गिब्सन ह्या स्कॉटिश डॉक्टराकडे होती. त्यानें १८४७ ते १८५० ह्या काळांत एका चिताऱ्याकडून वनस्पतींचीं सुमारें १७० चित्रें काढविलीं. तीं आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पति-उद्यानांत जपून ठेविलेलीं आहेत. बाग १८६५ सालीं मोडली. चित्रें मात्र उरलीं. आणि तीं काढणारा? तो पोर्तुगीज-हिंदी होता, एवढेंच आपणांस ठाऊक आहे. त्याचें नांव कोणीं टिपून ठेविलें नाहीं.

वस्तुतः छायाचित्रणाची कला पॅरिसमध्यें १८३९ सालींच जाहीर झाली होती, आणि मुंबईची छायाचित्रण-संस्था १८५४ त स्थापन झाली. परंतु त्या वेळच्या कॅमेऱ्यास रंग उमटवितां येत नसत आणि वाऱ्यानें हलणारें फूल त्याच्या मंद पत्र्यावर स्थिर राहात नसे. पुढें १९०० सालीं अमेरिकेंत एका डॉलरचा ‘ब्राउनी’ कॅमेरा निघाला आणि छायाचित्रण सामान्यांच्या हातीं आलें. पण स्वस्त पेटी-कॅमेऱ्याचें भिंग जागचें हलत नसे. कांहीं फुटांच्या आंतील वस्तु अंधुक दिसे. शिवाय डोळा एका छिद्रांतून पाही आणि चित्र दुसऱ्यांतून उमटे. त्यामुळें जवळच्या फुलाचें अर्धें डोकें कापलें जाई. कॅमेरा परवडूं लागला, तरी फूल दूरच राहिलें.

हें अंतर एका मराठी माणसानें ज्या रीतीनें तोडलें, ती गोष्ट मोठी बोधप्रद आहे. दादासाहेब फाळके १९१२ सालीं विम्याच्या कागदावर कर्ज काढून विलायतेस गेले व तेथून विल्यमसन कंपनीचा चलत्-चित्रांचा कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’साठीं भांडवल पाहिजे होतें, परंतु नुसत्या शब्दांवर पैसा कोण देणार? फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसविला, आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेतलें. पडद्यावर तें रोप मिनिट-दीड मिनिटांत उगवून वाढलें. तें पाहून भांडवल देणारे तयार झाले आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. कॅमेरा महाग होता खरा. परंतु त्या प्रयोगाचा प्राण होता कुंडी, स्थिर बैठक आणि महिनाभराची चिकाटी, आणि ह्यांपैकीं कशालाही मोठा पैसा लागत नाहीं.

आतां आपल्या तरुणाकडे वळूं. आपल्याकडे रस्त्याकांठीं उगवणाऱ्या एकदांडीचें फूल उणेंपुरें एक सेंटिमीटर रुंदीचें. ५० मिलिमीटरचें नेहमींचें भिंग हातभर अंतराच्या आंत जाऊं देत नाहीं, आणि तेथून हें फूल पटावर दीड मिलिमीटरहि भरत नाहीं. परंतु भिंग आणि कॅमेरा ह्यांच्यामध्यें ५० मिलिमीटरची पोकळ नळी बसविली, कीं तेंच फूल पटावर पुरें एक सेंटिमीटर उमटतें. ह्या नळींत कांच नसते, म्हणून ती स्वस्त मिळते. तिच्यामुळें उजेड मात्र चौपट लागतो. तेव्हां नवा कोरा कॅमेरा पाहूं नये. भिंग काढतां येईल व भिंगांतूनच दृश्य दिसेल असा वापरलेला कॅमेरा, साधें ५० मिलिमीटरचें भिंग, ही नळी आणि एक भक्कम तिपाई घ्यावी. तेवढेंहि जमत नसेल, तर खिशांतल्या मोबाईलवर हात बसवावा. सकाळीं वारा पडलेला असतो. रात्रपाळी करून परतणाऱ्यास ती वेळ आयतीच सांपडते.

पण छायाचित्र घेऊन काम संपत नाहीं. चाकणच्या ज्या माळांवर आज कारखान्यांच्या शेडी उभ्या आहेत, तेथें पूर्वीं कोणतीं रानफुलें उगवत, ह्याची चित्ररूप नोंद किती जणांपाशीं असेल? उरलेल्या टेंकड्यांवर पावसाळ्यांत तेरडा अजून फुलतो. त्याचें छायाचित्र घ्यावें, आणि त्याखालीं फुलाचें नांव, गांव, तारीख व घेणाऱ्याचें नांव न चुकतां लिहावें. दापोडीच्या चिताऱ्याचीं फुलें आपणांस लाभलीं, तो मात्र हरवला. स्वस्त कॅमेऱ्याच्या ह्या काळांत तरी फूल आणि माणूस हीं दोन्हीं एकाच पानावर राहावींत.